स्पेसबार दाबल्यावर नेमकं काय थांबतं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा भाचा छत्री झटकत दुकानात शिरला. मालवणच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी बंद, त्यामुळे पर्यटकही नाहीत. वडिलांचा ट्रॉलर उभा म्हणजे हाही मोकळा.

"मामानू, अंतराळातलो एकादो गेम सांगा. राज्य वाढवचो, लढायो करुचो. पण मधीच थांबवक येवक होयो."

"थांबवन काय करतलंस?" मी विचारलं.

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मागच्या पावसाळ्यात त्याने एक लढाईचा गेम घेतला होता. आईने पडवीत पाणी शिरतंय म्हणून हाक मारली, हा उठला, परत येऊन बघतो तर तळ बेचिराख. तेव्हापासून 'थांबवता येणारा' एवढी एकच अट. माझा प्रश्न मात्र थट्टेचा नव्हता. गेम थांबतो म्हणजे काय काय थांबतं, आणि थांबलेला असताना आपल्याला काय करता येतं, यावर सगळं अवलंबून आहे. ते त्याला सांगता सांगता दोन चहा झाले. तेच इथे जरा नीट मांडतो.

डावपेचांच्या खेळांच्या दोन जुन्या जाती आहेत. एक पाळीपाळीने खेळायची. सावंतवाडीची गंजिफा घ्या: तुमचं पान पडेपर्यंत समोरचा हात चोळत बसतो. अंतराळातल्या साम्राज्यांचे खेळ आधी बहुतेक याच जातीचे होते. 1993 सालचा 'मास्टर ऑफ ओरायन' हा त्यातला नावाजलेला. त्याची ओळख करून देताना गेमांविषयी लिहिणारे ॲलन एमरिक यांनी 'फोर-एक्स' हा शब्द वापरला आणि तो चिकटला. चार कामं: नवा प्रदेश शोधा, तिथे हातपाय पसरा, तिथलं धन उपसा, आणि आड येईल त्याला संपवा. इंग्रजीत चारही शब्दांत 'एक्स'चा उच्चार येतो, म्हणून ते नाव.

दुसरी जात रापणीसारखी. जाळं पाण्यात गेलं, दोन्ही टोकांना माणसं लागली, की कोणी 'थांबा रे जरा' म्हणून चालत नाही. लाट थांबत नाही, मासा थांबत नाही. 1992 च्या 'ड्यून 2' ने या जातीला वळण दिलं आणि 1998 च्या 'स्टारक्राफ्ट'ने तिला स्पर्धेच्या मैदानात नेलं. तिथले कसलेले खेळाडू मिनिटाला तीनशेच्या वर हुकूम देतात. माझ्यासारख्याला तेवढ्यात चष्मा सापडत नाही.

आता अशी रापण डोळ्यांसमोर आणा: तुम्ही हात वर केलात की लाट जिथल्या तिथे उभी राहते, जाळ्यातला बांगडा हवेत लटकतो. तुम्ही दोराच्या कडेने निवांत चालत जाता, प्रत्येक गड्याच्या कानात सांगता की तू डावीकडे सरक, तू ढील दे. मग हात खाली. सगळं पुन्हा सुरू, आणि प्रत्येकजण सांगितलेलं करतोय. ही तिसरी जात. भाच्याला हवी होती ती हीच, फक्त तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. इंग्रजीत तिला 'रिअल टाइम विथ पॉज' म्हणतात, म्हणजे सलग चालणारा पण थांबवता येणारा काळ.

हे आतून कसं चालतं ते कळलं की निवड सोपी होते. गेममधला काळ नदीसारखा वाहत नाही, घड्याळासारखा टिकटिकतो. प्रत्येक टिकेला कॉम्प्युटर एक फेरी मारतो: जहाजं थोडी पुढे सरकव, खाणीतला माल मोज, तोफांचे गोळे कुठे लागले ते बघ, शत्रूचं डोकं चालव. फेरी संपली की पुढची. 'स्टेलारिस' या अंतराळ-साम्राज्याच्या गेममध्ये कोपऱ्यात तारीख दिसते, ती 2200 सालापासून एकेक दिवस पुढे जाते आणि महिना पालटला की उत्पन्न तिजोरीत पडतं. (तिथला प्रत्येक महिना तीस दिवसांचा, वर्ष 360 दिवसांचं. फेब्रुवारीची कटकट नाही.)

स्पेसबार दाबून पॉज केलं की ही फेरी मारणं बंद. पण पडद्यावर चित्र काढणं आणि माउसचं ऐकणं हे कॉम्प्युटरचं वेगळं काम आहे, ते चालू ठेवता येतं. थांबलेल्या जगातही तुम्ही नकाशा फिरवू शकता, ग्रहाची माहिती उघडू शकता. हुकूम दिलात तर तो टिपून ठेवला जातो आणि फेरी सुरू झाली की अमलात येतो. रात्री माझं दुकान बंद असताना कोणी शटरखालून चिठ्ठी सरकवतो, 'दहा प्रती काढून ठेवा', आणि सकाळी उघडल्यावर माझं पहिलं काम ते, तसंच.

ही चिठ्ठी घ्यायची की नाही, हे मात्र गेम बनवणारा ठरवतो. 'स्टारक्राफ्ट' थांबवता येतो, पण थांबलेला असताना हुकूम घेत नाही. तो पॉज दार उघडायला किंवा फोन घ्यायला. 'स्टेलारिस'चा पॉज विचार करायला. गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर दोन्हीकडे 'पॉज' एवढंच लिहिलेलं असू शकतं, आणि भाचा फसतो तो इथे. मी त्याला विचारलं होतं ते याचसाठी.

पॉजच्या जोडीने आणखी एक गोष्ट बघायची: वेग कमीजास्त करता येतो का. खरं सांगायचं तर रोजच्या खेळात मला पॉजपेक्षा वेगाचा जास्त उपयोग होतो. जहाज बांधून होईपर्यंत सहा महिने जायचे असतील तर काळ पळवायचा, सीमेवर अनोळखी आरमार दिसलं की चाल मंद करायची, आणि तोफा धडाडल्या की थांबायचं.

आता नावं. वर आलेलं 'स्टेलारिस' 2016 चं, स्वीडनच्या पॅराडॉक्सचं. ही मंडळी 2000 साली आलेल्या 'युरोपा युनिव्हर्सालिस'पासून थांबवता येणारा काळ वापरत आली आहेत, त्यामुळे त्यांचा हात बसलेला आहे. एका ग्रहापासून सुरुवात, मग शेजारचे तारे धुंडाळणं, परग्रहवासीयांशी दोस्ती किंवा वैर. गोष्टीची आवड असलेल्याने इथून सुरू करावं, कारण उत्खननात सापडलेल्या मेलेल्या संस्कृती, वेडसर रोबो, स्वतःच्याच राज्यातली बंडं असं काही ना काही घडत राहतं. दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक म्हणजे पुरवण्या, ज्यांना डीएलसी म्हणतात. त्या इतक्या आहेत की सगळ्यांची बेरीज केली तर घरात बोलणी बसतील. मूळ गेम घ्या, एक डाव पुरा करा, मग ठरवा. दुसरं म्हणजे आकाशगंगेचा आकार. 200 ते 1000 ताऱ्यांपर्यंत निवडता येतो आणि नवखा माणूस हौसेने 1000 घेतो. राज्यं वाढली, लोकसंख्या वाढली की वर सांगितलेली फेरी जड होत जाते आणि जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. तिथे पॉज न दाबताच काळ थांबल्यासारखा होतो! 200 किंवा 400 पुरे.

'डिस्टंट वर्ल्ड्स'चा नाद लागला तर सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पहिला गेम आणि त्याच्या पुरवण्या एकत्र करून 'युनिव्हर्स' नावाची आवृत्ती 2014 ला आली, दुसरा भाग 2022 ला. याची खुबी अशी की राज्यातला व्यापार तुमच्या ताब्यात नसतो. खासगी मालवाहू जहाजं, खाणवाले, प्रवासी बोटी आपापल्या फायद्याने फिरतात, तुम्ही फक्त कर घेता आणि रस्ते सुरक्षित ठेवता. आपल्याकडे बंदर सरकारचं आणि ट्रॉलर ज्याचा त्याचा, तसं. शिवाय राज्यकारभारातलं हवं ते काम कॉम्प्युटरवर सोपवता येतं: कर तू ठरव, वसाहती तू वसव, मी फक्त आरमार बघतो. अगदी एकच जहाज स्वतःकडे ठेवून बाकी सगळं सोडून देता येतं. पहिल्या दिवशी पडदा बघून डोकं गरगरतं, तेव्हा सगळं सोपवून नुसतं बघत बसावं आणि रोज एकेक लगाम हातात घ्यावा. शिकायची यापेक्षा चांगली रीत मला सापडली नाही.

'एआय वॉर' (पहिला 2009, दुसरा 2019) हा उलट्या काळजाचा गेम आहे. इथे युद्ध आधीच हरलेलं असतं. यंत्रांनी आकाशगंगा जिंकलीय, तुमच्याकडे एक ग्रह उरलाय, आणि यंत्रांना तुमची किंमत वाटत नाही म्हणून तुम्ही जिवंत आहात. तुम्ही जितके ग्रह घ्याल तितकं त्यांचं लक्ष तुमच्याकडे वळतं आणि तितकी मोठी फौज चालून येते. म्हणजे फोर-एक्सचं 'पसरत जा' हे शहाणपण इथे गळ्याशी येतं. कोणते चार ग्रह घेतल्याशिवाय चालणारच नाही, आणि कोणते मोह पडला तरी सोडायचे, याचा हिशोब करायला पॉज लागतोच. लपून छापे घालून मोठ्या सत्तेला जेरीस आणणं आपल्या मातीत नवं नाही, म्हणूनही असेल, मला तो भावला.

'टेरा इन्व्हिक्टा' 2022 मध्ये खेळायला खुला झाला. यात दूरदूरच्या तारकासमूहांत जायचं नाही, आपलीच सूर्यमाला. परग्रहवासी आलेत आणि पृथ्वीवरच्या सात गटांना त्यांच्याबद्दल सात मतं: लढा, शरण जा, पूजा करा, पळून जा, धंदा करा, वगैरे. ग्रह खऱ्या कक्षांत फिरतात, इंधन संपलं की जहाज वळत नाही, ब्रेक लावायलाही इंधनच लागतं. माणसांना कामं वाटून द्यायची वेळ आली की घड्याळ आपणहून थांबतं. पण चाल इतकी संथ की एका डावाला अख्खा पावसाळा पुरणार नाही. भाच्याला मी हा सुचवला नाही.

'सिन्स ऑफ अ सोलर एम्पायर' 2008 चा, दुसरा भाग 2024 ला स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर आला. ज्याला मोठ्या आरमारांच्या लढाया डोळे भरून बघायच्यात त्याच्यासाठी. 'होमवर्ल्ड 3' (2024) मध्ये मुद्दाम डावपेचांचा पॉज दिलाय, मात्र तिथे राज्य चालवणं नाही, मोहिमा आहेत. 'स्टार रूलर 2' 2015 चा. बनवणाऱ्यांनी 2018 मध्ये त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला केला. नावं आणखी आहेत, पण मी खेळलेल्यांतून हीच आठवतात.

आणि 'एफटीएल'. साम्राज्य वगैरे काही नाही, एकच जहाज, मूठभर खलाशी, मागे लागलेलं शत्रूचं आरमार. दोन माणसांनी सुरू केलेला हा गेम 2012 ला आला. पॉज म्हणजे काय हे समजून घ्यायला याच्याइतका चांगला मास्तर नाही, कारण इथे स्पेसबार न दाबता कोणी फार पुढे जात नाही. शत्रूचा गोळा लागला, इंजिनाच्या खोलीत आग लागली, तेवढ्यात परके दोघे आत शिरले. स्पेसबार. जहाजाचा आडवा नकाशा समोर, सगळं गोठलेलं. तोफ कशावर रोखायची? वीज कुठली काढून कुठे द्यायची? आगीवर माणूस पाठवायचा, की बाहेरची दारं उघडून हवा सोडून द्यायची? हवा गेली की आग आपोआप विझते, पण त्या खोलीत आपला माणूस असेल तर तोही गुदमरतो. सगळं ठरवलंत, पुन्हा स्पेसबार, आणि दोन सेकंदांत नवीन संकट. जुन्या लॅपटॉपवर सहज चालतो आणि एक डाव दोनेक तासांत आटपतो, बहुधा जहाज फुटून.

नकाशाबद्दल थोडं, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला ते लगेच कळतं. काही गेममध्ये जहाज कुठूनही कुठेही जातं, काहींत ठरलेल्या वाटांनीच. 'स्टेलारिस'मध्ये आधी प्रवासाचे तीन प्रकार होते. 2018 च्या फेब्रुवारीत आलेल्या मोठ्या बदलानंतर ताऱ्यांना जोडणाऱ्या वाटा हाच मुख्य मार्ग राहिला. बरेच जुने खेळाडू चिडले. मला तो बदल पटला. कारण वाटा ठरल्या की नाकी तयार होतात. वाघोटनच्या खाडीच्या तोंडावर विजयदुर्ग का आहे? खाडीत शिरायचं तर त्याच्या तोफांसमोरूनच जावं लागतं म्हणून. तसाच एखादा तारा शोधायचा, जिथून तुमच्या दहा ताऱ्यांकडे जायची एकच वाट आहे, आणि तिथे तळ बांधायचा. 'डिस्टंट वर्ल्ड्स'मध्ये अशी खाडी नाही, सगळा खुला दर्या. तिथे शत्रूला आवरतं ते इंधन. जहाजांना परतायला इंधन कुठे मिळेल, यावर सगळी लढाई ठरते. पॉज दाबून काय बघायचं, हे यावरून बदलतं. एकीकडे नाकी मोजायची, दुसरीकडे टाक्या.

एका जातीपासून दूर राहा, असं मी भाच्याला बजावलं. ब्राउझरमध्ये किंवा फोनवर चालणारे ऑनलाइन अंतराळ-गेम, ज्यांत तुम्ही झोपलात तरी घड्याळ चालूच असतं. 2002 चा जर्मन 'ओगेम' या प्रकारातला म्हातारा. तिथे पहाटे तीनला कोणी हल्ला केला तर केला, आणि आपलं आरमार वाचवायला लोक गजर लावून उठतात. हजारो माणसं एकाच जगात खेळत असताना पॉज कोणाच्या सांगण्यावरून दाबायचा? म्हणून तिथे तो नसतोच. नेहमीच्या गेममध्येही चारजण जोडून खेळताना हीच अडचण येते. सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकच टिक पडायला हवी, एकाने थांबवलं की सगळे थांबतात, आणि मग शिव्या.

शोधायचं कसं? स्टीमवर 'रिअल टाइम विथ पॉज' नावाचा टॅग आहे, त्याला 'स्पेस' जोडा, यादी येते. पण टॅग खेळणारेही लावतात, त्यामुळे त्यावर डोळे मिटून विसंबू नका. घेण्यापूर्वी कोणीतरी खेळतानाचा व्हिडिओ बघा आणि माणसाकडे लक्ष न देता तारखेकडे बघा. तारीख उभी आहे आणि जहाजाला नवी रेघ काढली जातेय, असं दिसलं की झालं. घेतल्यावर पहिल्या दहा मिनिटांत स्वतः करून बघायचं: स्पेसबार दाबा, एक जहाज निवडा, दूरच्या ताऱ्यावर उजवं क्लिक करा. रेघ उमटली तर चिठ्ठी घेतली गेली. नाही उमटली तर लगेच परत करा. स्टीमवर घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मागता येतात. हे दोन तास अशा गेममध्ये शिकवणीतच उडून जातात, म्हणून कसोटी आधी, शिकवणी नंतर.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या, इंटरनेट आणि लाईट. वर सुचवलेले बहुतेक गेम एकट्याने खेळताना नेट लागत नाही, पण उतरवून घ्यायला लागतं आणि आकार मोठे असतात. जीओजी या दुकानातून घेतलेल्या गेमची फाइल पेनड्राइव्हवर ठेवता येते आणि नेटशिवाय टाकता येते. स्टीमलाही ऑफलाइन चालवता येतं, मात्र एकदा नेट असताना लॉगिन करून गेम एकवार उघडून ठेवावा. स्टीमचा 'समर सेल' बहुधा जूनअखेरीस लागतो, म्हणजे त्यांचा उन्हाळा आणि आपला मुसळधार पाऊस. मासेमारी बंदीच्या ऐन मध्यात. त्याआधी पुऱ्या किमतीला घेऊ नये.

लाईटचं मी स्वतः भोगलंय. डेस्कटॉपला बॅटरी नाही, ऑटोसेव्ह मीच कधीतरी बंद केलेलं, आणि वादळी रात्री तीस वर्षांचं राज्य एका लुकलुकीत गेलं. पॉज आणि सेव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबलेलं जग कॉम्प्युटरच्या चालू स्मृतीत असतं, वीज गेली की तेही गेलं. 'स्टेलारिस'मध्ये दर महिन्याला आपोआप सेव्ह होईल असं ठेवता येतं. पावसाळ्यात ते ठेवाच.

भाच्याने सेलची वाट बघितली आणि 'एफटीएल' घेतला. रात्री साडेदहाला फोन.

"मामानू, इंजिनाक आग लागली!"

"थांबवलंस?"

"होय. स्पेसबार दाबून बसलंय."

"मग भायली दारां उघड."

पलीकडे थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज.

"त्या खोलीत आपलो एक माणूस आसा."

"मग आदी त्याका भायर काढ. सावकाश. कोण खंय जाणा नाय."